लायगरला मराठीत काय म्हणावं? संकरित प्राण्यांची नावं पडतात तरी कशी?

रविवारची शाळा, इंदूर

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी गच्चीत सतरंजी टाकून आसपासच्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवते. सध्या अकरा मुलं येतात. आजीशी मराठी, आईबाबांशी निम्मी हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी ही मुलं. बोलतात गोड, पण ‘ळ’ लिहायची वेळ आली की पेन्सिल थांबते.

त्यांच्यासाठी मी प्राण्यांची कार्डं करते आहे. लग्नपत्रिकांचा जाड कागद कापायचा, पुढच्या बाजूला चित्र आणि नाव, मागच्या बाजूला त्या प्राण्याच्या पिल्लाचं नाव. गाय-वासरू, म्हैस-रेडकू, शेळी-करडू, मेंढी-कोकरू, घोडा-शिंगरू, वाघ-बछडा. मुलं आधी सगळ्यांना ‘बच्चा’ म्हणायची. प्रत्येकाच्या पिल्लाला आपलं असं वेगळं नाव आहे हे कळल्यावर त्यांनी दोन रविवार दुसरं काही करूच दिलं नाही.

गेल्या रविवारी सातवीतला एक मुलगा एक चित्र छापून घेऊन आला. ‘आजी, याचं कार्ड करा. हा लायगर. बाबा सिंह, आई वाघीण.’ मी सरळ ‘सिंहवाघ’ लिहिलं. शेजारी बसलेल्या चौथीतल्या मुलीने लगेच विचारलं, ‘आणि बाबा वाघ, आई सिंहीण असली तर?’ तो म्हणाला, त्याला टायगॉन म्हणतात. ‘मग तो वाघसिंह,’ ती म्हणाली. ऐकायला बरोबर वाटतं, पण माझं समाधान होईना. मराठीत दोन शब्द जोडले की वजन शेवटच्या शब्दावर पडतं. पाणघोडा म्हणजे पाण्यातला घोडा, रानडुक्कर म्हणजे रानातलं डुक्कर. तसं ‘सिंहवाघ’ ऐकलं की कानाला सिंहासारखा वाघ असं वाटतं, म्हणजे वाघच. लायगरमध्ये तसं होत नाही, तिथे दोन्ही शब्द अर्धे कापून एकाला एक चिकटवलेत. आम्हीही कापून पाहिले. सिंहाचा ‘सिं’ आणि वाघाचा ‘घ’ घेतला तर ‘सिंघ’ झालं, ते तर सिंहाचंच दुसरं नाव. वाघाचा ‘वा’ घेऊन ‘वासिंह’ केलं, ते एखाद्या आडनावासारखं वाटलं. आपली अक्षरं अशी कापली जात नाहीत.

खरा प्रश्न पुढेच आला. मी घोडा, गाढव आणि खेचर अशी तीन कार्डं ओळीने मांडली होती. घोड्याच्या मागे शिंगरू, गाढवाच्या मागेही शिंगरू. खेचराचं कार्ड त्या मुलीने उलटलं तर मागे कोरं. ‘आजी, तुम्ही विसरलात.’ मी सांगितलं, विसरले नाही, खेचराला पिल्लू होत नाही. ती बराच वेळ ते कार्ड हातात घेऊन बसली. मग म्हणाली, ‘मग निदान त्याच्या आईबाबांचं नाव तरी त्याच्या नावात पाहिजे ना. लायगरच्या आहे.’

हे माझ्या मनातून जात नाहीये. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत घर बांधायला निघालं की विटा खेचरांवरून यायच्या. पाठीवर दोन्ही बाजूंना विटा भरलेली गोणपाटाची झोळी, गळ्यात घुंगरू, एकामागे एक सात-आठ जनावरं. त्यातलं एक करडं खेचर आमच्या फाटकाशी थांबायचं, कारण आजी त्याला गुळाचा खडा द्यायची. मी फाटकाच्या गजांतून हात घालून त्याच्या वरच्या ओठाला हात लावलाय. इतका मऊ, ओलसर, आणि त्यावर तुरळक राठ केस. गूळ संपला तरी तो ओठ तळहातावर फिरत राहायचा. त्या जनावराचं नाव मुलांना सांगताना मला एवढंच सांगता यावं, की आम्ही याला खेचर म्हणतो, का ते ठाऊक नाही? हे बरं वाटत नाही.

तर जाणकारांनी सांगावं. बापाचं नाव आधी घ्यायचं असा काही नियम आहे का, आणि तो कोणी केला? जुन्या नावांत आईबाप का दिसत नाहीत? आणि मी कार्डावर काय लिहू?

महूचा पशुवैद्य (निवृत्त)

ताई, कोऱ्या कार्डाचं वाचून लिहायला बसलो. मी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलो आणि पुढची बरीच वर्षं निमाडात नोकरी केली. घोडे, गाढवं, खेचरं पुष्कळ हाताळली.

बाप आधी हा नियम खरा, पण तो कायद्यात लिहिलेला नाही. जनावरांची पैदास करणाऱ्यांची आणि प्राणिसंग्रहालयांची ती रीत आहे. सिंह बाप तर लायगर, वाघ बाप तर टायगॉन. दुबईत १९९८ साली उंट नर आणि लामा मादी यांच्यापासून कृत्रिम रेतनाने पिल्लू झालं, त्याला कॅमा म्हणाले. कॅमलचा ‘कॅ’ आधी, लामाचा ‘मा’ नंतर. हवाईत १९८५ साली फॉल्स किलर व्हेल नर आणि बॉटलनोज डॉल्फिन मादी यांची मुलगी जन्मली, ती व्होल्फिन. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची जी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे तिने संकरित प्राण्यांना मुळातच बाहेर ठेवलंय. त्यांना स्वतःचं शास्त्रीय नाव मिळत नाही, दोन्ही पालकांची नावं लिहून मध्ये गुणिले चिन्ह टाकायचं, एवढंच. मग पिंजऱ्यावरच्या पाटीवर जे लिहिलं आणि वर्तमानपत्राने जे छापलं, ते नाव रूढ होतं.

मात्र ही रीत उगाच आलेली नाही. दोन जाती त्याच असल्या तरी बाप कोण आणि आई कोण यावर जनावर बदलतं. लायगर सिंहापेक्षा आणि वाघापेक्षाही मोठा वाढतो, टायगॉन तसा वाढत नाही. खेचराचंही तेच. गाढव बाप आणि घोडी आई असेल तर खेचर. घोडा बाप आणि गाढवीण आई असेल तर त्याला इंग्रजीत हिनी म्हणतात, ते सहसा अंगाने लहान असतं. आपल्या बाजूला माल वाहणाऱ्यांना हवं असतं खेचर, म्हणून नावही त्यालाच मिळालं. हिनीसाठी वेगळा शब्द मी कधी कोणा कुंभाराच्या किंवा भट्टीवाल्याच्या तोंडून ऐकला नाही.

पिल्लू का होत नाही हे मुलांना असं सांगा. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं, गाढवाच्या ६२. आईकडून ३२ आली, बापाकडून ३१, झाली ६३. पुढची पिढी करायची तर त्यांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि इथे एक उरतं, शिवाय बाकीची एकमेकांशी नीट जुळत नाहीत. पण कार्ड अगदीच कोरं ठेवू नका. नर खेचर वांझच, मादीला मात्र फार क्वचित शिंगरू झाल्याच्या नोंदी आहेत. मोरोक्कोत २००२ साली आणि अमेरिकेत कोलोरॅडोत २००७ साली तशी पिल्लं जन्मली. संकरात एक लिंग कमजोर किंवा वांझ निघालं तर ते कुठलं असतं, याचा नियम हाल्डेन या शास्त्रज्ञांनी १९२२ साली मांडला. सस्तन प्राण्यांत तो नर असतो. हे हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

एक सांगतो. सनावदच्या बाजूला एका कुंभाराच्या घोडीचं बाळंतपण मी रात्री कंदिलाच्या उजेडात केलं होतं. शिंगरू अडलं होतं, एक पाय मागे दुमडलेला. तो सरळ करून बाहेर काढलं, नाकातला चिकटा गवताने पुसला. घोडीने हुंगलं आणि चाटायला लागली. ते लांब कान ओले होऊन मानेला चिकटलेले होते. तासाभरात ते उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि सडाशी लागलं. आईला त्याच्या कानांशी काही घेणंदेणं नव्हतं. काही आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा त्याचा आवाज ऐकला. सुरुवात घोड्यासारखी, बारीक खिंकाळी, आणि शेवट गाढवासारखा, घशातून ओढलेला. आधी आई, मग बाप. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, नावात नसले तरी त्याच्या आवाजात दोघेही आहेत.

एक खुलासाही करतो, मुलं हे विचारतीलच. आपण ‘संकरित गाय’ म्हणतो ती वेगळी गोष्ट. जर्सी आणि गीर दोघीही गायीच, त्यांची कालवड पुढे व्यवस्थित विते. तिथली नावं पाहा. फ्रिजियन आणि साहिवाल मिळून फ्रीजवाल, हे कापून जोडलेलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तीन रक्तांची गाय तयार केली, तिला नाव दिलं फुले त्रिवेणी. कुठलाही शब्द न कापता तीन प्रवाहांचा संगम सांगितला. मराठीत नाव ठेवायचं तर मला ही वाट जास्त आवडते.

पांढरा वाघ संकरित आहे असंही कोणी मूल म्हणेल. तो नाही. तो वाघच, फक्त एका जनुकामुळे रंग गेलेला. १९५१ साली रीव्याच्या जंगलात पकडलेल्या मोहनपासून पांढऱ्या वाघांची वंशावळ सुरू झाली.

माहेर कोल्हापूर

ताई, मी इंदूरचीच, सुदामा नगर. डॉक्टरसाहेबांनी लायगर-टायगॉन सांगितले, मी माझ्या माहेरची गोष्ट सांगते. बिबट्या नर आणि सिंहीण यांच्या पिल्लाला लेपॉन म्हणतात, आणि त्याची पहिली कागदोपत्री नोंद कोल्हापूरची आहे, १९१० सालची. दोन पिल्लं झाली होती. एक अडीच महिन्यांचं होऊन गेलं. त्याचं कातडं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सचिवांनी विलायतेला पोकॉक नावाच्या शास्त्रज्ञाकडे पाठवलं, आणि १९१२ साली त्यांनी त्यावर लिहिलं. मला हे कळलं तेव्हा वाटलं, त्या पिल्लांची रोजची देखभाल करणारी माणसं तर कोल्हापूरची, मराठी बोलणारी. सकाळी मटणाचं पातेलं घेऊन जाताना ती त्यांना काहीतरी म्हणत असणारच. तो शब्द कुठे लिहिला गेला असता तर आज तुमच्या कार्डावर आला असता.

बडोदेकर

ताईंचा मधला प्रश्न, जुन्या नावांत आईबाप का दिसत नाहीत, हा माझ्या आवडीचा आहे. मी बडोद्याला मांडवीपाशी राहतो, संस्कृत हौसेने वाचतो.

खेचराचा संस्कृत शब्द अश्वतर. पाणिनीने त्याच्यासाठी सूत्रच केलंय, ‘वत्सोक्षाश्वर्षभेभ्यश्च तनुत्वे’. वत्स, उक्षा, अश्व, ऋषभ या चार शब्दांना ‘तर’ लागतो तो तनुत्व, म्हणजे पातळपणा, दाखवायला. यावर काशिकेने, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेने, प्रत्येकाचा पातळपणा वेगळा सांगितलाय आणि ती जागा मी पुन्हा पुन्हा वाचतो. वत्सतर म्हणजे वासरूपण ओसरू लागलेला, पुढच्या वयात आलेला. ऋषभतर म्हणजे ओझं वाहण्यात मंद झालेला बैल. आणि अश्वतराच्या बाबतीत काय पातळ झालं? तर ‘अन्यपितृकता’, बाप दुसरा असणं. एका शब्दात सांगितलं की याचं घोडेपण अर्धं आहे, कारण बाप घोडा नाही. बापाचं नाव घेतलेलं नाही, पण त्याची जागा मोकळी ठेवली आहे. तेव्हा त्या मुलीला सांगा की आई नावात आहे, अश्व आहे. आणि ‘तर’ या दोन अक्षरांत बाप आहे.

हा शब्द हलका नव्हता. छांदोग्य उपनिषदात जानश्रुती राजा गाड्याखाली बसलेल्या रैक्वाकडे विद्या मागायला जातो तेव्हा सहाशे गायी, गळ्यातला हार आणि अश्वतरीचा रथ घेऊन जातो. म्हणजे खेचरी जुंपलेला रथ राजाने भेट म्हणून न्यावा असा होता. श्वेताश्वतर या उपनिषदाच्या नावातही तोच शब्द. डॉक्टरांनी क्वचित होणाऱ्या शिंगराचं सांगितलं, त्याचीही जुनी बाजू आहे. महाभारतात ‘गर्भमश्वतरी यथा’ असा दाखला येतो, खेचरीने गर्भ धरला की तो तिचा मृत्यूच ठरतो अशी तेव्हाची समजूत. ती खरी नाही, पण ज्यांनी ती केली त्यांनी या जनावराकडे बारकाईने पाहिलं होतं एवढं नक्की.

आता मराठी शब्दाकडे येऊ. हिंदी खच्चर आणि आपलं खेचर उघडच एकमेकांच्या नात्यातले. पण मराठी कानाला त्यात दुसरा एक शब्द ऐकू येतो. संस्कृतात ‘ख’ म्हणजे आकाश, ‘खेचर’ म्हणजे आकाशात फिरणारा, पक्षी, ग्रह, देवता. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावाविषयी दोन्ही बाजूंनी सांगतात. योगातल्या खेचरी मुद्रेवरून ते आलं असं काही मानतात. आणि वारकऱ्यांच्या कथेत असं आहे की मुक्ताबाईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून विसोबा चाटी आडवे आले, ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले गेलेले त्यांनी पाहिले, आणि पश्चात्तापाने उष्टं खायला धावले तेव्हा शब्द ऐकले, ‘खेचरा, परता सर.’ हाकलताना वापरलेला तो शब्द त्यांनी आयुष्यभर नाव म्हणून मिरवला आणि त्याच नावाने ते नामदेवांचे गुरू झाले. माझ्या आजोबांनी ही गोष्ट सांगताना ‘परता सर’ म्हणताना हात असा बाजूला केला होता की तो मला अजून दिसतो. ताई, मुलांना ‘खेचर’ शब्द देताना हे सांगा.

माजी सैनिक, ग्वाल्हेर

सर्वांना नमस्कार. बडोदेकर साहेबांनी शेवटी जे लिहिलं त्याबद्दल मनापासून आभार. मी फौजेत खेचरांबरोबर काम केलंय, पहाडात. गाडीचा रस्ता संपला की पुढे तेच. फौजेत प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर असतो, पण त्याला नंबराने कोणी हाक मारत नाही. पेडोंगी नावाची एक खेचरी होती, उत्तर बंगालमधल्या पेडोंग गावावरून तिचं नाव. १९७१ च्या लढाईत ती शत्रूच्या हाती लागली आणि पाठीवरच्या मशीनगनसकट आपल्या ठाण्यावर परत आली. तिचा नंबर १५३२८, हेही फौजेत लोकांना पाठ आहे.

दुसरं, लडाखचं सांगतो. याक आणि गाय यांच्या संकराला तिथे झो म्हणतात, मादीला झोमो. झो नांगराला, झोमो दुधाला. नर वांझ, मादी विते, डॉक्टरसाहेबांच्या नियमाप्रमाणेच. भूतानात मिथुन (गव्याच्या जातकुळीतलं जनावर) आणि गायीच्या संकराला जत्सा, मादीला जत्सम. यातलं एकही नाव कापून जोडलेलं नाही. ज्याच्या घरी जनावर दावणीला आहे तो त्याला पूर्ण नाव देतो, नराला वेगळं, मादीला वेगळं. मला वाटतं हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे ताई. लायगर दावणीला कोणाच्या आहे?

माळरान

आजी, मी इंदूरचाच, सध्या पुण्यात वन्यजीवांचा अभ्यास करतो. काकांच्या शेवटच्या प्रश्नाला धरून लिहितो.

लायगर जंगलात होत नाही. आज आशियाई सिंह फक्त गुजरातमध्ये आहेत, वाघ दुसरीकडे, त्यांची गाठच पडत नाही. जे झाले ते पिंजऱ्यात, माणसाने एकत्र ठेवले म्हणून. कलकत्त्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात १९७० च्या दशकात याच्याही पुढे गेले. रुद्राणी नावाची टायगॉन मादी आणि सिंह यांची पिल्लं झाली, त्यांचं नाव लिटिगॉन. बाप आधी हा नियम तिथेही पाळलाय, पण आता नावात तीन तुकडे झाले. अशा जनावरांना आजार फार असतात आणि त्यातून जंगलाला काहीच मिळत नाही. कार्ड जरूर करा, पण ‘हा रानात राहत नाही’ एवढं त्यावर लिहा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

जंगलात आपणहून झालेले संकर वेगळे. कॅनडाच्या उत्तरेला २००६ साली मारलेलं एक अस्वल ध्रुवीय आई आणि ग्रिझली (तपकिरी अस्वल) बापाचं निघालं. कोणी त्याला ग्रोलर म्हणालं, कोणी पिझली. तिथल्या भाषेत ध्रुवीय अस्वलाला नानुक आणि ग्रिझलीला अक्लाक म्हणतात, त्यावरून नानुलाक हेही नाव निघालं. आणि आपल्याकडे, इथे पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर, लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालंय. गावातली मोकाट कुत्री माळावर जातात, लांडगे थोडे उरलेत, जोडीदार मिळत नाही. मी माळावर दुर्बिणीतून एकदा एक जनावर पाहिलंय. चाल लांडग्याची, मान खाली, पावलं एका रेषेत. शेपूट मात्र मागे वळून वर गेलेली. माझ्याबरोबरचे मेंढपाळ काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘ह्यो आपला बी न्हाई आन् त्यांचा बी न्हाई.’ त्याला अजून मराठीत नाव नाही. ते मिळू नये असंच मला वाटतं, कारण नाव रुळलं म्हणजे असे प्राणी खूप झाले, आणि लांडगा गेला.

आता मुलांसाठी एक आनंदाची गोष्ट. कितीतरी शुद्ध जातींना संकराची नावं आहेत! इंग्रजीतला लेपर्ड म्हणजे लिओ अधिक पार्ड, बिबट्या हा सिंहाचा संकर आहे असं जुन्या लोकांना वाटायचं. जिराफाच्या शास्त्रीय नावात उंट आणि बिबट्या आहेत. आणि आपली नीलगाय, जिला मालव्यात घोडारोज म्हणतात, तिचं शास्त्रीय नाव बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस. सुटं करून पाहा, बैल, हरीण, बोकड, उंट. आपल्याकडे गाय आणि घोडा. एका जनावराच्या नावांत सहा जनावरं, आणि ती कोणाचाही संकर नाही. तसंच शहामृग. फारसीत शुतुरमुर्ग, म्हणजे उंट-पक्षी. त्यातला मुर्ग आपल्या तोंडी मृग झाला आणि पक्ष्याला हरणाचं नाव मिळालं.

रविवारची शाळा, इंदूर

मंडळी, तुम्ही सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत की मी ते मोठ्या अक्षरांत छापून घेतलं आणि आजच्या रविवारी गच्चीत वाचून दाखवलं. सगळं नाही, त्यांना झेपेल तेवढं. आजचं लगेच सांगते, उद्यापर्यंत तपशील विसरेन.

सनावदच्या शिंगराची गोष्ट दोनदा वाचावी लागली. दुसऱ्यांदा वाचताना मुलं आवाज काढून बघत होती, आधी खिंकाळी मग गाढवाचं ओरडणं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येऊन बघून गेल्या. बडोदेकर, ‘अन्यपितृकता’ हा शब्द फळ्यावर लिहिला. सातवीतल्या मुलाने तो न अडखळता वाचला, आणि तो फळ्यावरून पुसू नका म्हणाला. विसोबांची गोष्ट सांगून झाल्यावर एकाने विचारलं, मग त्यांना राग नाही आला? मी म्हटलं, नाही आला. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा बोलू आम्ही.

कार्डाचं असं ठरलं. लायगरवर ‘लायगर’च लिहिलं, खाली ‘बाबा सिंह, आई वाघीण’, आणि पुण्याच्या मुलाने सांगितलेली ओळ, रानात राहत नाही. बेटा, ती ओळ मुलांनी लाल पेन्सिलीने लिहिली आहे. ‘सिंहवाघ’ मी खोडला. लेपॉनचं एक कार्ड जास्तीचं झालं, त्याच्या कोपऱ्यात ‘कोल्हापूर, १९१०’. झो आणि झोमोची दोन वेगळी कार्डं झाली, ती ग्वाल्हेरच्या भाऊसाहेबांच्या नावाने बाजूला ठेवली आहेत. लांडगा-कुत्र्याचं कार्ड करायचं का यावर बराच वाद झाला. लांडकुत्रा, कुत्रांडगा अशी नावं निघाली. शेवटी मी माळावरच्या त्या मेंढपाळांचं वाक्य वाचलं, तेव्हा मुलं गप्प झाली आणि कार्ड करायचं नाही असं त्यांनीच ठरवलं.

खेचराचं कार्ड त्या चौथीतल्या मुलीने स्वतःकडे घेतलं. पुढे ‘खेचर’, त्याखाली ‘अश्वतर’. मागे ‘आई घोडी, बाबा गाढव’, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत ‘शिंगरू (मोरोक्को, २००२)’. चित्रही तिनेच काढलं. कान इतके लांब काढले की ते कार्डाच्या वर गेले, म्हणून दुसऱ्या पत्रिकेची पट्टी कापून वर चिकटवली. त्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत कुणाच्या तरी लग्नातलं ‘शुभ’ आलं आहे, नेमकं दोन कानांच्या मध्ये. बाकीची कार्डं डब्यात बसतात, हे बसत नाही, म्हणून ते कपाटाच्या काचेला आतून टेकवून ठेवलंय.

पुढच्या रविवारी शहामृग.